दोन नंबरच्या विमानाची काटकसर

१

दोन नंबरच्या विमानाची चार महिन्यांची नोंदवही कपाटातून नाहीशी झाली होती, आणि ती तिथे होती की नव्हती हे सांगायला 'तिरना एअर'च्या ऑफिसात कोणीच तयार नव्हतं.

कुल्याशने कपाट तिसऱ्यांदा तपासलं. एक नंबरच्या विमानाच्या वर्षभराच्या तीन वह्या होत्या, तीन नंबरच्याही तीन. दोन नंबरच्या मात्र दोनच. सप्टेंबर ते डिसेंबरच्या वहीच्या जागी फळीवर धूळ नव्हती. शेजारी बोटभर होती. म्हणजे वही गेली होती ती अलीकडेच, चार-आठ दिवसांत.

"आपाय, चहा घ्या, थंड होतोय," दारातून कंपनीचे संचालक तालगात इस्काकोविच तिला ताई म्हणावं तसं म्हणाले. "वहीचं काय घेऊन बसलात? सापडेल. नाही सापडली तर उंदरांनी खाल्ली म्हणू."

कुल्याश हसली नाही. पहाटे पाचला ती राजधानी अस्तानाहून आलेल्या गाडीतून कोस्तानायला उतरली होती. बाहेर उणे एकतीस होतं. इथे ऑफिसात हीटर असे तापले होते की स्वेटर काढावा तरी घाम, घालावा तरी घाम. वय चोपन्न. वीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यावर तिने विमान कंपन्यांचे इंधनाचे वार्षिक अहवाल तपासायचं काम धरलं होतं. कंपनीने वर्षभरात किती इंधन जाळलं, ते कसं मोजलं, आकडा खरा की खोटा, हे पाहून सही करायची. सहीशिवाय अहवाल सरकारात जात नसे.

"एकोणचाळीस टन इंधन सापडत नाही," ती म्हणाली. "टँकरने विमानांत भरलं, पण विमानांनी जाळलं नाही. तुम्हीच फोनवर असं सांगितलंत."

"सापडत नाही काय, चोरलंय! चोर मंगळवारीच घरी बसवला. झाक्सिबेक, टँकरवाला. एकतीस वर्षं नोकरी, आणि हे असं. सोमवारी पोलिसांत देतो." संचालकांनी बशीतला तळलेला बाउरसाक उचलून तोंडात टाकला. "आणि आमचे वैमानिक आळशी. लँडिंगनंतर टाकीत किती उरलं ते लिहायचं सोडून रकाने कोरे ठेवतात. अशा कोऱ्या रकान्यांवरच चोर पोसले जातात."

"म्हणूनच मला मूळ वही हवी."

"ते दौलेतला विचारा. अहवाल तो करतो. मी रेल्वेतला माणूस, विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. ती वही मी उभ्या जन्मात उघडलेली नाही." घड्याळ पाहत ते उठले. "सोमवारपर्यंत सही द्या, आपाय. झाक्सिबेकने चोरी केली एवढं एक वाक्य टाका, सगळे मोकळे."

कुल्याशच्या डोक्यात तिडीक गेली. अजून एकही कागद पाहिला नव्हता, आणि वाक्यसुद्धा तयार होतं.

२

दौलेत चौतिशीचा, सडपातळ, नखं कुरतडणारा माणूस. खोलीत एकच खुर्ची होती. ती त्याने कुल्याशला दिली आणि स्वतः खिडकीला टेकून उभा राहिला.

"वही कुठे आहे?"

"मला माहीत नाही, आपाय. महिन्याच्या महिन्याला आकडे संगणकात घातले की वही परत कपाटात. किल्ली सगळ्यांकडे असते."

"मग संगणकातलं दाखव."

त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला. कुल्याशने चष्मा पुसला आणि कामाला लागली. तिन्ही विमानं तीच फेरी करत होती. कोस्तानाय ते अस्ताना आणि परत, रोज प्रत्येकी दोनदा. इंधन भरायचं ते इथेच, कोस्तानायला. एका फेरीला सतराशे किलो लागावेत असा कंपनीचा ठरलेला अंदाज.

एक नंबर कधी अठराशे जाळत होतं, कधी एकोणीसशे, वारा मागून असला की साडेसोळाशे. तीन नंबरही तसंच. जुनी विमानं, वाऱ्यावादळाचा गवताळ मुलूख. असंच व्हायचं.

आणि दोन नंबर? सप्टेंबरच्या सातव्या तारखेपासून डिसेंबरअखेरपर्यंत दोनशे तीस फेऱ्या. सोळाशे नव्वद, सतराशे, सतराशे दहा, सतराशे, सोळाशे पंच्याण्णव. एकही रकाना रिकामा नाही. एकही आकडा अंदाजापासून वीस किलो हलत नव्हता.

"फार गुणी विमान आहे," कुल्याश म्हणाली.

"हो," दौलेत खिडकीबाहेर बघत म्हणाला. "बाहेर जिन्याशी लावलंय बघा. इंधन-बचतीचं प्रशस्तिपत्र. विमान क्रमांक दोन."

"कोणी दिलं?"

"आम्हीच. आम्हाला."

मग तिने टँकरच्या पावत्या मागवल्या. टँकरचं मीटर लिटर मोजतं, विमान किलो मोजतं. एक लिटर म्हणजे साधारण आठशे ग्रॅम. हिशेब सोपा होता. सगळ्या पावत्यांवर झाक्सिबेकचं ठसठशीत, शाळकरी अक्षर. एक नंबर: दोन हजार लिटर. तीन नंबर: बावीसशे. एक नंबर: अठराशे. वैमानिकाने सांगायचं, चालकाने तेवढं भरायचं. सगळे गोल आकडे.

दोन नंबर: २३३७. २२९१. २४१८. २३०६.

"हे असे का?" तिने विचारलं.

"संचालक म्हणतात, चोराला गोल आकडा लिहायची लाज वाटते," दौलेत म्हणाला. मग फार हळू, "मला नाही तसं वाटत."

"मग तुला काय वाटतं?"

त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. संचालक त्याला वर बोलावत होते. तो गेला, तो संध्याकाळपर्यंत खोलीत फिरकलाच नाही.

३

झाक्सिबेकचं घर गावाच्या कडेला, निळ्या लाकडी खिडक्यांचं. दार त्याच्या बायकोने, बातिमाने उघडलं, आणि कुल्याशच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून कमरेवर हात ठेवले.

"आता आणखी कोण? घराची झडती घ्यायचीय? घ्या. तळघरात बटाटे आहेत, विमानाचं तेल आम्ही त्यातच मिसळून खातो."

"मी पोलीस नाही, बाई. मी आकडे तपासते."

"आकड्यांनीच तर वाटोळं केलं!"

तरी तिने आत घेतलं. दुधाचा चहा ओतला, वाटीत कुर्त, सुक्या खारट दह्याचे गोळे, ठेवले. झाक्सिबेक टेबलाच्या टोकाला बसला होता, मान खाली. अठ्ठावन्नचा असेल. बोटांच्या टोकांची कातडी थंडीने जळून काळी पडलेली.

"झाके," कुल्याश आदराने म्हणाली, "दोन नंबरच्या पावत्यांवरचे आकडे असे आडवेतिडवे का?"

"जेवढं भरलं तेवढं लिहिलं."

"पण बाकीच्यांना गोल—"

"जेवढं भरलं तेवढं लिहिलं."

"कोणी सांगायचं किती भरायचं?"

त्याने चहाचा घोट घेतला. बातिमा मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "बोला ना! त्या गेन्रिखसाठी तोंड शिवलंय ह्यांनी. बाकीच्या विमानांना दहा मिनिटं, दोन नंबरला अर्धा तास! उणे तीसात पंखाखाली उभं राहायचं, नळी आपोआप बंद होईपर्यंत. हे हात बघा. चोराचे हात असे असतात?"

"बातिमा!" झाक्सिबेक पहिल्यांदा मोठ्याने बोलला. मग कुल्याशकडे वळला. "मी एका माणसाला शब्द दिलाय. त्याला पोरंबाळं आहेत. त्याने शब्दातून सोडवलं तर सांगेन. तुम्ही कप्तान गेन्रिखला विचारा."

परत जाताना बसची वाट पाहत कुल्याश अर्धा तास बर्फात उभी होती. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस तुरुंगाच्या दारात उभा राहून कोणाला तरी वाचवत होता. आणि जो वाचत होता तो कुठे होता?

४

कप्तान गेन्रिख आदामोविच शनिवारी सकाळी नऊला विमानतळाच्या उपाहारगृहात सापडला. दोन नंबर सकाळची फेरी घेऊन दुसऱ्या एका कप्तानाबरोबर गेलं होतं. दुपारी दोन वीसची फेरी ह्याची होती. धिप्पाड माणूस, भुवया पांढऱ्या, समोर लाग्मानचा, मांसाच्या रश्श्यातल्या शेवयांचा वाडगा.

"मला काही सांगायचं नाही," तो कुल्याश बसायच्या आत म्हणाला.

"मी काही विचारलंच नाही."

"विचाराल. सगळे विचारतात. माझा करार वर्षअखेरपर्यंत आहे, आपाय. पंचावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार?"

कुल्याशने चहा मागवला. थोडा वेळ ती हवामानावर बोलली. आज दुपारी अस्तानाला बुरान येणार, बर्फाचं वादळ, असं सकाळी सांगत होते.

"बुरान!" गेन्रिखने नाक फेंदारलं. "सतरा डिसेंबरला बघायला हवं होतंत. अस्तानाला धावपट्टी दिसेना. चाळीस मिनिटं वर घिरट्या घातल्या. मागे एक बाई मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होती, आणि मी मनातल्या मनात."

"कुठलं विमान होतं?"

"दोन नंबर."

एवढं बोलला आणि एकदम थांबला. वाडगा बाजूला सारून, टोपी उचलून निघून गेला. लाग्मान तसंच राहिलं.

कुल्याश ऑफिसकडे जवळजवळ पळतच गेली. सतरा डिसेंबर, दोन नंबर. अहवालात त्या फेरीला जळालेलं इंधन: सतराशे पाच किलो. चाळीस मिनिटं जास्त उडूनही सतराशे पाच! मग तिने अठरा डिसेंबरची सकाळची पावती काढली. झाक्सिबेकचं अक्षर: २८७१ लिटर. रोजच्यापेक्षा साडेपाचशे लिटर जास्त.

वादळ अहवालाला कळलंच नव्हतं. ते कळलं होतं फक्त टँकरवाल्याला.

५

दौलेत आत आला तेव्हा तिने त्याच्यासमोर दोन्ही कागद ठेवले.

"बस. जमिनीवर बस हवं तर. आणि मी सांगते ते चुकलं तर थांबव." तिचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. "तीन विमानांपैकी एकच विमान दर वेळी काठोकाठ भरलं जातं. नळी आपोआप बंद होईपर्यंत. असं माणूस केव्हा करतो? आत किती आहे हे कळत नसेल तेव्हा. दोन नंबरचा इंधनाचा काटा बिघडलाय. सात सप्टेंबरपासून."

दौलेतने नखं कुरतडायचं थांबवलं.

"टाकी प्रत्येक वेळी काठोकाठ भरली, की टँकरने जेवढं ओतलं तेवढंच आधीच्या फेरीत जळालं. झाक्सिबेकच्या पावत्या म्हणजे विमानाचा खरा खप आहे. आणि तुझे आकडे खोटे आहेत. वैमानिकांनी लँडिंगनंतरचे रकाने कोरे सोडले, कारण लिहायचं काय? काटा तर नाचत होता. मग सतराशे हा आकडा आला कुठून?"

"संगणक कोरा रकाना घेत नाही," दौलेत म्हणाला. "लाल चौकट येते. पुढे जाताच येत नाही. मी तीन वेळा लिहून कळवलं, आपाय. कोणी उत्तर देईना. महिनाअखेर यायची, वरून फोनवर फोन. मग मी अंदाजाचा आकडा टाकला. दहा-वीस इकडेतिकडे केले, खरे दिसावेत म्हणून. जळत होते अठराशे सत्तर, मी लिहीत होतो सतराशे. फेरीमागे एकशे सत्तर किलो."

"गुणिले दोनशे तीस."

"एकोणचाळीस टन." तो खरंच जमिनीवर बसला. "ते चोरलंच नाही कोणी. ते जळालं. मी फक्त लिहिलं नाही. आणि झाकेंना घरी बसवलं तेव्हा मी… माझी बायको बाळंत व्हायचीय, आपाय. मी गप्प बसलो."

"कोऱ्या रकान्यांचं कोणाला सांगितलं होतंस?"

"फक्त संगणकवाल्यांना लिहिलं. इथे कोणालाच नाही."

कुल्याशने खुर्चीत पाठ टेकली. कोडं सुटलं होतं. मग काहीतरी राहून गेल्यासारखं का वाटत होतं? तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिकडे सकाळची फेरी संपवून दोन नंबर जागेवर येऊन उभं राहत होतं, आणि टँकर त्याच्याकडे चालला होता.

"दौलेत," ती म्हणाली, "मंगळवारपासून टँकरवर कोण आहे?"

"बदली माणूस आहे."

"तो काठोकाठ भरतो?"

"नाही. संचालकांचा हुकूम आहे, काठोकाठ भरणं बंद. वजन वाढतं म्हणून. मी कागदावर आकडा देतो, तो तेवढंच भरतो. निघताना साडेतीन-पावणेचार टन असायला—"

तो बोलता बोलता थांबला.

दौलेतचा कागद धरून चालला होता की दर फेरीला सतराशे जळतात. जळत होते अठराशे सत्तर. मंगळवारपासून नऊ फेऱ्या झाल्या होत्या. दर फेरीला एकशे सत्तर किलोची तूट, आणि ती कोणीच भरून काढत नव्हतं. कागदावर निघताना सदतीसशे किलो. प्रत्यक्षात?

"एकवीसशे सत्तर," दौलेत पुटपुटला.

जाऊन-येऊन लागणार अठराशे सत्तर. शिल्लक तीनशे. म्हणजे पंचवीस मिनिटांचं उड्डाण. आणि आज अस्तानाला बुरान होता.

घड्याळात एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

६

कुल्याशने आधी विमान वाहतूक खात्याच्या तातडीच्या नंबरावर फोन लावला. चौथ्या वेळी कोणीतरी उचलला.

"विमान पडलंय का?" पलीकडच्याने विचारलं.

"नाही. पण—"

"आग वगैरे?"

"नाही हो! काटा बंद आहे, टाकीत किती इंधन आहे ते—"

"मग लेखी पाठवा. आज शनिवार आहे. सोमवारी बघतील."

तिने फोन असा आदळला की भिंतीवरचा खिळा हलला. वर संचालकांच्या खोलीला कुलूप होतं. बाहेर बसलेली बाई म्हणाली, साहेब खाली विमानाशी गेलेत, आज कोणी मोठे पाहुणे आहेत फेरीत. कुल्याशने तिथल्याच खुंटीवरचा पिवळा अंगरखा चढवला आणि बर्फातून पळत सुटली. मागून दौलेत टोपीशिवाय.

विमानाच्या खिडक्यांतून प्रवासी बाहेर बघत होते. टँकरची नळी गुंडाळून होत आली होती. गेन्रिख पंखाखाली उभा होता, शेजारी तालगात इस्काकोविच.

"कप्तान!" कुल्याशला धाप लागली होती. "टाकीत किती आहे?"

"सदतीसशे. कागदावर आहे."

"काट्यावर किती आहे?"

गेन्रिखने हातातल्या कागदाची घडी घातली.

"आपाय, हे काय चाललंय?" संचालक मध्ये आले. "सेहेचाळीस माणसं आत बसलीत! तुमचं काम कागदाचं, ते ऑफिसात करा!"

कुल्याशने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कप्तान, टाकी साडेचार हजार किलोची. कागद खरा असेल तर आत आठशे किलोची जागा आहे. म्हणजे हजार लिटर. आता काठोकाठ भरायला सांगा. हजाराला नळी बंद झाली तर मी तुमच्या पाया पडेन, अहवालावर सही करेन आणि जाईन. किती भरायचं हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. ह्यांचा नाही."

"गेन्रिख, वर जा आणि इंजिन चालू कर," संचालक म्हणाले. "तुझा करार लक्षात आहे ना?"

गेन्रिखने हातमोजा काढला आणि टँकरवाल्याला खूण केली. "लाव परत. काठोकाठ."

नळी जोडली गेली. मीटरचे आकडे शून्यावरून फिरायला लागले. दोनशे. चारशे. संचालक हसत होते. "बघा, बघा. वेळ घालवा सगळ्यांचा." आठशे. नऊशे पन्नास.

हजार.

नळी बंद झाली नाही. अकराशे. तेराशे. संचालकांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, उतरायला विसरल्यासारखं. पंधराशे. बदली चालक घाबरून एकदा मीटरकडे, एकदा पंखाकडे बघत होता, गळती तर नाही ना म्हणून. दोन हजार. गेन्रिख ओठांतल्या ओठांत जर्मनमधून काहीतरी मोजत होता, त्याची आजी मोजायची तसं. अडीच हजार. सत्तावीसशे. दौलेतने डोळे मिटले होते.

खट् असा आवाज झाला. मीटरवर दोन हजार नऊशे चार.

गेन्रिखने टोपी काढली. उणे अठ्ठावीसमध्ये त्याच्या कपाळावर घाम होता.

"मी हे विमान उडवणार नाही," तो म्हणाला. "आज नाही, उद्या नाही. काटा बसेपर्यंत नाही. सप्टेंबरपासून वहीत दर दहा दिवसांनी लिहितोय आम्ही, काटा बंद आहे. दहा दिवसांच्या वर तसं उडायची परवानगी नाही. म्हणून दर दहाव्या दिवशी 'दुरुस्त झाला' असं लिहायचं आणि अकराव्या दिवशी 'पुन्हा बिघडला'. झाकेंनी मला शब्द दिला होता, काठोकाठ भरल्याशिवाय सोडणार नाही. त्याच शब्दावर मी पाच महिने जगलो. आणि तो माणूस चोर ठरला तरी मी लाग्मान खात बसलो."

७

प्रवाशांना उतरवलं तेव्हा त्यांनी शिव्या दिल्या त्या कुल्याशला. एका आजीबाईंनी तर हातातली पिशवी उगारली. नातवाचा तोय होता संध्याकाळी, मेजवानीला घोड्याचं मांस शिजत पडलं होतं, आणि ही कोण बया आडवी आली! कुल्याशने ऐकून घेतलं. कोणाकोणाला समजावणार?

संचालकांच्या खोलीत ती दार लोटून शिरली.

"वही द्या," ती म्हणाली.

"कुठली वही? मी सांगितलं ना, ती मी कधी उघडली नाही."

"काल सकाळी तुम्ही मला म्हणालात, वैमानिक रकाने कोरे ठेवतात. तेव्हा मी एकही कागद पाहिला नव्हता. नंतर अहवाल पाहिला. त्यात एकही कोरा रकाना नाही, दौलेतने सगळे भरलेत. कोरे रकाने होते फक्त मूळ वहीत. ते माहीत होते वैमानिकांना आणि दौलेतला. वैमानिकांनी तोंड उघडलं नाही, दौलेतने इथे कोणाला सांगितलं नाही. मग तुम्हाला कसे कळले, तालगात इस्काकोविच? वही वाचल्याशिवाय?"

संचालकांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"एकोणचाळीस टन कुठे गेले ते मला खरंच कळेना," ते म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "म्हणून मागच्या आठवड्यात वही घरी नेली. आणि वाचली. काट्याचं मला माहीत होतं, आपाय. भाग मागवलाय ऑक्टोबरात, अजून वाटेत आहे. विमान उभं केलं असतं तर फेऱ्या एक तृतीयांश कमी झाल्या असत्या, मार्ग दुसऱ्या कंपनीला गेला असता. दीडशे माणसं घरी. त्यापेक्षा एक माणूस घरी."

"एक नाही. आज सेहेचाळीस होते. वही कुठे आहे?"

"बान्यात," ते म्हणाले. "चुलीत. रविवारी अंघोळीचं पाणी तापवलं तिच्यावर."

कुल्याश खुर्चीत बसली. इतका वेळ धरून ठेवलेला राग कुठे ओतावा हेच तिला कळेना.

त्यानंतरचे महिने तिने टेबलावर हात आपटण्यात घालवले. विमान उभं राहिलं, भाग आला, बसला. दोन नंबरचा खप झाक्सिबेकच्या पावत्यांवरून मांडून तिने अहवाल पुरा केला, तर खात्याने आधी त्या अहवालाबद्दलच नोटीस दिली: अहवाल अकरा दिवस उशिरा. तालगात इस्काकोविच प्रकृतीच्या कारणावरून नोकरी सोडून परत रेल्वेत गेले, आणि तिथे त्यांना मोठी खुर्ची मिळाली असं कानावर आलं. गेन्रिखचा परवाना सहा महिने अडकला. दौलेतने स्वतःचं सगळं लिहून दिलं आणि त्याचा पगार कापला गेला. मुलगी झाली त्याला.

आणि झाक्सिबेकला एप्रिलमध्ये एका ओळीचं पत्र आलं: मूळ नोंदवही उपलब्ध नसल्याने, पुराव्याअभावी, आरोप मागे घेण्यात येत आहे. कामावर रुजू व्हावे.

तो रुजू झाला नाही. त्याने कुल्याशला फोन केला, आयुष्यात पहिल्यांदाच. "पुराव्याअभावी म्हणजे चोरी केली पण सापडला नाही, असंच ना, आपाय? शेजारी तसंच म्हणतात. लग्नाकार्याला बोलवेनात आम्हाला."

कुल्याशने खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, विषय बंद झाला आहे. तिने दुसरं लिहिलं. उत्तर आलं, दुसऱ्या विभागाकडे लिहा. तिसऱ्याला उत्तरच नाही. चौथं पत्र घेऊन ती स्वतः गेली आणि त्या विभागाच्या दारात स्टूल टाकून दोन दिवस बसली. तिथली माणसं तिला वळसा घालून जेवायला जायची. तिसऱ्या दिवशी कंटाळून कोणीतरी सही केली.

मेच्या शेवटी ती कोस्तानायला उतरली. निळ्या खिडक्यांच्या घरात बातिमाने जेवणाचा दस्तरखान अंथरला, घोड्याच्या मांसाची काझी कापली. झाक्सिबेक नवा सदरा घालून बसला होता. त्याने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत तिच्यापुढे धरलं.

"तुम्हीच वाचा. मला चष्मा सापडत नाही."

चष्मा त्याच्या खिशात दिसत होता. कुल्याशने कागद उघडला. "सर्व पावत्या तपासल्यावर खात्याची खात्री झाली आहे, की इंधनाची चोरी झालीच नव्हती. झाक्सिबेक यांनी केलेल्या नोंदी अचूक होत्या. उपरोक्त काळात कंपनीकडे असलेले दोन नंबरच्या विमानाचे तेवढेच एक खरे मोजमाप होते."

बातिमाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. झाक्सिबेक उठला. खिडकीपाशी गेला आणि दोन्ही दारं सताड उघडली. कुंपणापलीकडे शेजारी बटाट्याच्या वाफ्यात वाकले होते.

"पुन्हा एकदा, आपाय," तो म्हणाला. "जरा मोठ्याने."